जुनं की 'जुनं केलेलं'? आधी वस्तू उलटी करा!

आज बोलूया घरासाठी व्हिंटेज वस्तू घेण्याबद्दल.

समजा, मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर तुम्हाला एक गोल टेबल आवडलंय. दुकानदार म्हणतो, "शंभर वर्षं जुनं, बर्मा टीक!" पॉलिश चकाचक, आणि तुमच्या खात्यात नुकताच पगार जमा झालाय. आता काय करायचं? भाव विचारायच्या आधी टेबल उलटं करायचं. वरून पॉलिश कुणीही मारतं हो, खालची बाजू सजवत बसायला वेळ कुणाला असतो?

खाली आधी स्क्रू बघा. डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. तसा स्क्रू दिसला, तर एकतर नंतर दुरुस्ती झालीय किंवा टेबल सांगतात तेवढं जुनं नाही. दोन्ही चालेल, पण मग भावही त्याच हिशोबाने.

मग टेप काढा. लाकूड वर्षानुवर्षं आकसतं, पण रेषांच्या आडव्या दिशेने जास्त. त्यामुळे सलग लाकडाचं जुनं गोल टेबल किंचित लंबगोल होतं. दोन्ही दिशांनी मोजा. काही मिलिमीटरचा फरक आला तर चांगली खूण! आणि पायाशी पिठासारखा ताजा भुसा पडलेला दिसला, तर कीड अजून जिवंत आहे. ती तुमच्यासोबत घरी येईल.

आता दिवे. पितळी दिवा घेताना खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं, तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा. जुन्या वायरचं रबर वाळून तडकतं, म्हणून दिवा लावून बघायची घाई नको. आधी इलेक्ट्रिशियनकडून वायर आणि होल्डर बदला, धातूच्या दिव्याला अर्थिंगसह तीन पिनांचा प्लग लावून घ्या.

आणि चित्रं? राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली जुनी चित्रं दगडावरून छापलेली. फोनचा कॅमेरा झूम करा. नव्या ऑफसेट छपाईत रंगीत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते, जुन्या शिळाछापात ठिपके वेडेवाकडे. फ्रेम जुनी आहे म्हणून चित्रही जुनं, असं मुळीच नाही हं!

एक कायद्याची गोष्ट. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू 'पुरावस्तू' ठरते आणि ती आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या ताईला भेट द्यायचा विचार असेल, तर वय आधी तपासा.

शेवटी काय, नक्कल आवडली तर जरूर घ्या. घरात छानच दिसेल. फक्त पैसे नकलेचे द्या.

चला, भेटू पुढच्या भागात!