नर्सबाईंच्या रक्ताने काय सांगितले?

आमच्या इंझोरीसारखे गाव काय नि शहर काय, २०२० साली नर्सबाई ड्यूटीवरून परतल्या की कित्येक ठिकाणी शेजारी दार लोटून घेत. "तुम्हाला झाला तर नाही ना?" हा प्रश्न ठरलेला. बिचारीला तरी काय ठाऊक! पुष्कळांना करोना ताप-खोकल्याशिवायच होऊन जातो.

स्वॅब सांगतो आजचा रोग. होऊन गेलेला कळतो रक्तातल्या प्रतिपिंडांवरून, म्हणजे रोगाशी झुंजायला शरीराने तयार केलेल्या प्रथिनांवरून. या तपासणीचे 'कवच' हे किट आपल्या पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने बनवले.

डिसेंबर २०२०-जानेवारी २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने परभणी, नांदेड, जळगावसह देशातल्या ७० जिल्ह्यांत सात हजारांवर आरोग्य कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले. शंभरांत सुमारे २६ जणांना लागण होऊन गेलेली निघाली. आणि घरी बसलेल्या-फिरलेल्या आपणा सर्वांत? सुमारे २१! दार लोटणारीत आणि जिच्यासमोर लोटले तिच्यात फरक तो एवढाच, बरे का.

प्रतिपिंडे निघाली तरी सिस्टरांचा मास्क सुटला नाही. ती काही महिन्यांत ओसरू लागतात, लागण पुन्हा होऊ शकते. जून-जुलै २०२१ च्या तपासणीत कर्मचाऱ्यांचा आकडा ८५ वर गेला. तोवर बहुतेकींनी लस टोचून घेतली होती.