उपचाराच्या खोलीबाहेरचे पालक

निवासी शाळेत मूल पाठविणारे आईवडील त्याचा अभ्यास, जेवणखाण आणि दुखणेखुपणे शाळेच्या स्वाधीन करतात. अलीकडे त्यात शाळेतच होणाऱ्या उपचारांची भर पडली आहे. मूल बोलताना अडखळत असेल, पेन्सिल नीट धरू शकत नसेल किंवा वर्गात गप्प गप्प राहत असेल, तर ‘थेरपी सुरू करू’ असे पालकांना सांगण्यात येते. कागदावर सही अथवा अंगठा होतो आणि पालक एस.टी. गाठून गावी परततात. त्या खोलीत पुढे काय घडते, हे त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

फिजिओथेरपी म्हणजे स्नायू, सांधे आणि तोल यांवरचे काम. मुलाला उभे राहता यावे, जिना चढता यावा, यासाठी ती असते. ऑक्युपेशनल थेरपी या नावाने पालक गोंधळतात. नोकरीधंद्याशी तिचा संबंध नाही. शर्टाचे बटण लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, बाकावर स्थिर बसून लिहिणे अशी रोजची कामे मुलाला स्वतः करता यावीत, हा तिचा हेतू. या शास्त्राचे आपल्या देशातील पहिले विद्यालय 1950 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांनी सुरू केले. त्या जन्माने अमेरिकन होत्या. फलटणची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची. स्पीच थेरपीत उच्चारांबरोबर ऐकलेले समजणे आणि मनातले सांगता येणे हेही येते. समुपदेशन हे भीती, राग, एकटेपणा यांविषयीचे बोलणे आहे. ते वेडावरचे औषध नव्हे.

हे सारे शाळेतच का, याचे उत्तर इतिहासात आहे. डॉ. मिठू अलूर यांच्या मुलीला, मालिनी चिब यांना, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. इंग्लंडमध्ये या मातेने शिक्षण आणि उपचार एकत्र चालताना पाहिले. भारतात परतल्यावर 1972 मध्ये त्यांनी मुंबईत ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि एकाच छपराखाली धडा व व्यायाम दोन्ही देणारी शाळा उभी केली. मालिनी पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिले. हे काम एका आईने सुरू केले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पालकांना केवळ सहीपुरते बोलावणे हे या इतिहासाशी विसंगत आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगता मान्य झाली असून अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नताही त्यांत आहेत. दिव्यांगतेचे प्रमाण किमान 40 टक्के असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासनमान्य शाळेने अशा प्रत्येक विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे, असे कलम 16 सांगते. फेब्रुवारी 2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके शाळांमध्ये तपासणीसाठी येतात. तपासणीत काही आढळले, तर पुढची चिठ्ठी मागून घ्यावी. ती नुसती फायलीत राहिली तर मुलाच्या उपयोगाची नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. पालकांशी बोलताना पहिली अडचण जाणवते ती शब्दाची. ‘तुमचे मूल मागे आहे’ हे वाक्य आपल्या समाजातील बापाला नवे नाही. तुमच्या पोरांना विद्या यायचीच नाही, असे त्याच्या आजोबाला, पणजोबाला सांगितले गेले होते. त्यामुळे शिक्षकाने चांगल्या हेतूने उच्चारलेला ‘थेरपी’ हा शब्दही त्याला जुन्याच शिक्क्यासारखा वाटतो आणि तो नकार देतो. या नकाराला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे. मुलाला काय जमते आणि कोणत्या एका गोष्टीसाठी मदत हवी, हे आधी सांगितले, तर बोलणे निराळ्या वाटेने जाते.

दुसरी अडचण भाषेची. तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. स्पीच थेरपीची चित्रे आणि शब्द पुस्तकी मराठीत असतात. धुळे तालुक्यातील मुलाच्या घरी ‘इकडे ये’ ऐवजी ‘आठे ये’ म्हणतात, मुलाला ‘आंडोर’ म्हणतात. साक्री, शिरपूरकडच्या अनेक मुलांची घरची बोली भिली वा पावरी असते. ते मूल ‘आठे’ म्हणाले तर तो दोष नसून ती त्याची भाषा आहे. घरात कोणते शब्द वापरले जातात, हे आईइतके कोणीच सांगू शकत नाही. तिला पहिल्याच दिवशी खोलीत बसवून ते शब्द लिहून घेतले पाहिजेत.

तिसरी अडचण निवासी शाळेचीच आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925 मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. घरी दिवा नाही, जागा नाही, उसंत नाही, अशा परिस्थितीतून मुलाला बाहेर काढून अभ्यासाची सोय करणे हे त्यामागचे बळ होते. उपचारांच्या बाबतीत मात्र घरापासूनचे हेच अंतर आड येते. अर्ध्या तासात खोलीत शिकविलेली हालचाल उरलेल्या दिवसभर कोणी करवून घ्यायची? सत्रात ते गृहपाल, स्वयंपाकीण मावशी आणि वरच्या वर्गातील दादा-ताई करू शकतात, त्यांना दाखविले तर. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मूल घरी असते. काही घरे तेव्हा ऊसतोडीवर किंवा वीटभट्टीवर असतात. सुट्टीहून परतलेल्या मुलाचा हात पुन्हा आखडलेला दिसतो आणि दोष आईवर येतो, जिला तो व्यायाम कधी कोणी दाखविलाच नव्हता.

छापील सूचनांचा कागद येथे पुरत नाही. तो वाचता येईलच असे नाही आणि वाचला तरी हात किती वाकवायचा हे कागदावरून कळत नाही. मूल व्यायाम करीत असतानाचे दोन मिनिटांचे चित्रण पालकांच्या मोबाइलवर द्यावे, बोलणे त्यांच्या बोलीत असावे. पालकांनीही भेटीच्या दिवशी तीन प्रश्न विचारावेत: हे कशासाठी चालले आहे, आठवड्यातून किती वेळा होते, आणि मी घरी काय करू? भेटीचा दिवस बहुधा रविवार असतो आणि थेरपिस्ट त्या दिवशी येत नाहीत. महिन्यातून एक रविवार त्यांना बोलावता आले, तर पालकांची एका दिवसाची मजुरी बुडणार नाही.