दिल्लीत शिकायला जाताना

दिल्ली विद्यापीठातील पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश २०२२ पासून सामाईक विद्यापीठ प्रवेश परीक्षेद्वारे होतात. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. प्रवेश मिळाला, तरी निवाऱ्याचा प्रश्न उरतोच. वसतिगृहांतील जागा मोजक्या असल्याने परगावचे अनेक विद्यार्थी कमलानगर, विजयनगर, मुखर्जीनगर या भागांत भाड्याने खोली घेतात.

भाडेकरार सहसा ११ महिन्यांचा असतो. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी ही मुदत ठरवली जाते. अनामत रक्कम केव्हा व किती परत मिळेल, हे करारात लेखी असावे. मात्र भाड्याची बोलणी करण्यापूर्वी इमारतीचा जिना पाहणे अधिक महत्त्वाचे. १५ जून २०२३ रोजी मुखर्जीनगरमधील एका शिकवणी वर्गाच्या इमारतीला आग लागली, तेव्हा विद्यार्थी खिडक्यांतून दोर व तारांना धरून खाली उतरले होते. बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग नसलेली खोली स्वस्त असली, तरी घेऊ नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार रॅगिंगला महाविद्यालयाप्रमाणेच वसतिगृहातही बंदी आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क क्रमांक आहे.

जेवण बदलते, हिंदीचा वेग अंगवळणी पडायला वेळ लागतो. डिसेंबर-जानेवारीतील थंडी तर कोकणातून आलेल्याला सांगून समजत नाही. पहिल्या सत्रात एकटेपणा जाणवणे स्वाभाविक आहे. तो झोप आणि अभ्यासावर परिणाम करू लागल्यास केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतूनही बोलता येते.