तारा घडतो थंडीत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘वायूचा ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतो आणि तारा जन्मतो,’ हे आपण शाळेपासून ऐकतो. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेली अर्धी गोष्ट वायूच्या दाबाची.

गैरसमज: हे ढग पावसाळी ढगांसारखे दाट असतात.
वस्तुस्थिती: त्यांच्या दाट गाभ्यातही एका घनसेंटीमीटरमध्ये दहा हजार ते लाखभर रेणू असतात. वसईच्या हवेत तेवढ्याच जागेत २५वर १८ शून्यं इतके रेणू मावतात. ढग विरळच असतो, पण कित्येक प्रकाशवर्षं पसरलेला असल्याने त्याचं एकूण वस्तुमान प्रचंड भरतं.

गैरसमज: गुरुत्वाकर्षण आहे, म्हणजे ढग कोसळणारच.
वस्तुस्थिती: धावत्या रेणूंचा दाब ढगाला बाहेर रेटतो. या रस्सीखेचीचं गणित जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये मांडलं. ढग कोसळायला किमान वस्तुमान लागतं. उणे २६३ अंश सेल्सिअसला, घनसेंटीमीटरमागे दहा हजार रेणू असताना, ते सूर्याच्या काही पट असतं. घनता तीच ठेवून निरपेक्ष तापमान दहापट केलं, तर सुमारे तीसपट वस्तुमान लागेल.

गैरसमज: झगमगत्या, तप्त तेजोमेघात तारे घडतात.
वस्तुस्थिती: मृग नक्षत्रातला तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १३५० प्रकाशवर्षांवर आहे. तरुण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी त्यातला वायू दहा हजार अंशांच्या घरात तापलाय. एवढ्या दाबापुढे गुरुत्वाकर्षणाचं चालत नाही. नवे तारे घडतात ते मागच्या काळोख्या, गार ढगात. तिथले कार्बन मोनॉक्साइडचे रेणू आणि धूळ उष्णता बाहेर टाकत राहतात, म्हणून आकसतानाही दाब आवाक्यात राहतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनने वर पाठवलेल्या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीने अशा थंड धुळीचाच अवरक्त किरणांत वेध घेतला.

गैरसमज: अणुसंमीलन सुरू झाल्यावरच तारा प्रकाशतो.
वस्तुस्थिती: त्याआधी तो आकुंचनातून निघणाऱ्या उष्णतेवर प्रकाशतो. सूर्यासारख्या ताऱ्याची ही अवस्था काही कोटी वर्षं चालते. गाभा एक कोटी अंशांच्या आसपास पोहोचला, की हायड्रोजनचं संमीलन जोर धरतं आणि दाब गुरुत्वाकर्षणाला तोलून धरतो. सूर्यात हा तोल ४५० कोटींहून अधिक वर्षं टिकून आहे.

मार्चअखेरीस रात्री नऊच्या सुमारास अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर साधी द्विनेत्री घेऊन जा. मृगातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका दिसेल. तोच हा तेजोमेघ.