उजेड धरून ठेवणारी नळी

चहा बशीत ओतला की फिकट दिसतो आणि कपात गडद, याचे कारण प्रकाशाला कपातल्या चहातून अधिक अंतर कापावे लागते. बूगेर (१७२९), लँबर्ट (१७६०) आणि बेअर (१८५२) यांनी टप्प्याटप्प्याने घडवलेला नियम हेच मोजून सांगतो: द्रावणाची शोषकता, म्हणजे त्याने प्रकाश किती अडवला याचे माप, विरघळलेल्या पदार्थाच्या संहतीच्या आणि प्रकाशमार्गाच्या लांबीच्या प्रमाणात वाढते.

केशनलिकेत, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत, नेमका हा मार्गच आखडतो. १९८१ साली जॉर्गनसन आणि लुकाक्स यांनी ७५ मायक्रोमीटर अंतर्व्यासाच्या काचनलिकेत विजेच्या दाबाने रेणू वेगवेगळ्या गतीने पळवून विलग केले, तेव्हापासून ही पद्धत प्रयोगशाळांत रुळली. अशा नलिकेवरचे तपकिरी पॉलिइमाइडचे आवरण दोन-तीन मिलिमीटर जाळून खिडकी करतात आणि तिच्यातून प्रकाश आडवा पाठवतात. परंतु नलिका ५० मायक्रोमीटरची असेल, तर नेहमीच्या एक सेंटिमीटरच्या काचपात्राच्या तुलनेत शोषकता दोनशे पटींनी घटते. रेणूंना प्रतिदीप्त, म्हणजे लेसर पडताच स्वतः प्रकाशणारे, रंग जोडून ही अडचण टाळता येते, आणि डीएनएचा क्रम वाचणारी यंत्रे तेच करतात. मात्र प्रत्येक पदार्थाला असा रंग जोडता येत नाही.

दुसरा उपाय म्हणजे प्रकाश नळीच्या लांबीनेच सोडणे. तो ऐकायला सोपा वाटला, तरी पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश पदार्थात किती मंदावतो याचे माप, १.३३ आणि सिलिका-काचेचा १.४६ असल्यामुळे किरण पाण्यातून भिंतीत शिरतात आणि बाहेर निसटतात. प्रकाश आतच उसळत राहावा, म्हणजे त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन व्हावे, यासाठी भिंत पाण्यापेक्षा कमी अपवर्तनांकाची हवी, आणि असे पारदर्शक घन पदार्थ फारच थोडे. तव्यावरचे टेफ्लॉनही चालत नाही, कारण त्याचा अंक १.३५ असून ते दुधट असते. टेफ्लॉन एएफ या स्वच्छ पारदर्शक बहुवारिकाचा अंक मात्र १.२९ आहे, म्हणून त्याच्या नळीत भिंतीशी सुमारे १४ अंशांपर्यंतचा कोन करणारे किरण पाण्यातच कोंडले जातात. या क्षेत्रातली खरी युक्ती प्रकाशमापकात नसून या भिंतीत आहे.

०.५५ मिलिमीटर अंतर्व्यासाच्या एक मीटर नळीत जेमतेम पाव मिलिलिटर पाणी मावते. समुद्राच्या पाण्यातील नायट्राइट मोजताना अभिक्रियाकांमुळे गुलाबी रंग येतो. १० नॅनोमोलर नायट्राइटचा रंग एक सेंटिमीटरच्या पात्रात प्रकाशाचा जेमतेम हजारावा भाग अडवतो, तर या नळीत सुमारे ११ टक्के. पोषकद्रव्ये अत्यल्प असलेल्या महासागरी पाण्यासाठी हा फरक निर्णायक ठरतो.

लांबीची किंमतही मोजावी लागते. फॉस्फेटसाठी तयार केला जाणारा निळा रंग एरवी ८८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजतात. पण एक मीटर पाणी तो प्रकाश स्वतःच जवळजवळ गिळून टाकते, म्हणून ७१० नॅनोमीटरच्या आसपास यावे लागते. एखादा बुडबुडा अडकला, तर मापक भलतेच आकडे दाखवतो. शिवाय क्षारांमुळे पाण्याचा अपवर्तनांक बदलतो आणि त्याबरोबर नळीत कोंडल्या जाणाऱ्या प्रकाशाचे प्रमाणही, त्यामुळे तुलनेसाठी घेतलेले कोरे पाणीसुद्धा नमुन्याइतकेच खारे असावे लागते.