उंबऱ्याच्या आतली भूक

कपिलेश्वर देवळाजवळच्या उड्डाणपुलाखाली सोमवारी सकाळी माणसांची दाटी असते. बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. दर्शन घेऊन बाहेर पडणारे लोक सुट्ट्या पैशांसाठी फुलवालीशी हुज्जत घालतात आणि पलीकडे भिंतीला टेकून दहा-पंधरा माणसे बसलेली असतात. आमच्या मंडळाची जेवणाची पाकिटे त्यांच्यासाठी. मंडळ म्हणायचे एवढेच! शहापुरातल्या आमच्या गल्लीतल्या आठ बायका, दोन निवृत्त पुरुष आणि एक मालवाहू रिक्षावाला. ना फलक, ना पावतीपुस्तक.

2016 च्या श्रावणातली गोष्ट. एका सोमवारी मी पाकीट पुढे केले आणि माझा हात तसाच राहिला. समोरची बाई ओळखीची होती. माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत राहायची, मागवाल्यांच्या कांड्या भरायची. तिची धाकटी मुलगी माझ्या वर्गात शिकलेली. तिनेही मला ओळखले. पदर पुढे ओढून म्हणाली, “हितं बसलो की कोण वळखत न्हाई असं वाटलं हुतं बाई.”

मी तिच्याशेजारी बसले. तिची सगळी हकिगत दहा मिनिटांत सांगून झाली. नवरा वडगावात यंत्रमागावर होता. त्याला क्षय झाला. सरकारी दवाखान्यात औषधे फुकट मिळतात, पण बुडालेली मजुरी कोण देणार? दोन महिने भाडे थकले. घरमालकाने तिसरा महिना डिपॉझिटमधून वळता करून घेतला. आधी भांडी गेली, मग शिलाई मशीन गेली. नवरा दवाखान्यातच वारला. मुलीला मामाकडे गोकाकला धाडले आणि ही एका नातेवाइकाच्या पडवीत महिनाभर झोपली. तिथली सून कुरकुरू लागल्यावर पुलाखाली आली.

वाचकहो, खोलीचे भाडे होते महिना 1,500 रुपये. त्या चार-पाच महिन्यांत मी रोज तिच्या दारावरून भाजीला जात होते. शिमग्याला पुरणपोळ्यांचा डबाही पाठवला होता. डबा धुऊन परत आला, त्यात रिवाजाप्रमाणे चिमूटभर साखर होती. तेवढी साखर तिने कुठून आणली असेल, हे मला त्या दिवशी पुलाखाली सुचले.

संध्याकाळी माझ्या ओसरीवर मंडळाची बैठक झाली. बैठक कसली, भांडणच. “आपण जेवण देतो. घरभाडी भरायला आपण काय बँक आहोत?” एका भगिनींचा सवाल. त्यांचे अगदीच चूक नव्हते. मंगल कार्यालयात उरलेले अन्न गोळा करून वाटणे सोपे काम नाही. त्यातच आमचा जीव जायचा. मसालेभात टिकतो, चपात्या टिकतात. पण उन्हाळ्यात दुपारी चारनंतर आमटीचा भरवसा नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी आणि दुधाचा गोड पदार्थ आम्ही घेतच नाही, यजमान रागावले तरी. आता तर उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी 2019 पासून केंद्राचे वेगळे नियम आहेत. पण आमच्या पाकिटावर जगणारा माणूस पुढच्या सोमवारी तिथेच बसलेला असायचा, आणि त्याच्या पुढच्याही. एकदा पुलाखाली आलेले माणूस परत घरात नेऊन बसवायला जेवढे लागते, त्याच्या दहाव्या हिश्शात ते घरातून बाहेर पडण्याआधी थांबले असते.

मग एक वही घातली. पाकिटे चालूच ठेवली, पण उंबऱ्याच्या आतली भूक कशी ओळखायची याचा शोध सुरू झाला.

ही भूक बोलत नाही. दार लोटलेले असते, अंगणात रांगोळी असते. पण काही माणसांना ती आधी दिसते. एक किराणा दुकानदार. महिन्याचे सामान नेणारे घर पाव लिटर तेलावर आले, मग दहा रुपयांचे तेल मागू लागले, की त्याला कळते. दुसरा गॅसवाला. तिसरी शाळेतली स्वयंपाकीण. सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला आणि पुढे आपल्याकडे अक्षर दासोह सुरू झाले. तेव्हापासून मी निवृत्तीपर्यंत एक गोष्ट पाहत आले. सोमवारी भात जास्त लागतो. रविवारी शाळा बंद असते ना! कोणते पोर सोमवारी तिसऱ्यांदा ताट पुढे करते, हे स्वयंपाकिणीला पाठ असते. आम्ही शिक्षक मात्र फळ्याकडे तोंड करून उभे.

आम्ही या तिघांशी बोलून ठेवले. गवगवा करायचा नाही, नुसते कानावर घालायचे.

भाड्याच्या बाबतीत ठेचा खात शिकलो. पहिल्यांदा पैसे भाडेकरूच्या हातात दिले, ते सावकाराकडे गेले. त्याचा दोष नव्हता. सावकार दारात बसून होता. तेव्हापासून पैसे थेट घरमालकाला देतो, वहीत सही घेऊन. जास्तीत जास्त दोन महिने. त्याला कर्ज म्हणत नाही, दान तर मुळीच नाही. कुणी परत आणून दिले तर घेतो. घरमालकांविषयी माझे मतही बदलले. आमच्या भागात दोन खोल्या भाड्याने देणारी माणसे श्रीमंत नसतात. एका विधवा मालकिणीची चूल त्या एका खोलीच्या भाड्यावर पेटत होती. तिने भाडेकरूला काढले असते तर मी तिला काय बोलणार होते?

2019 च्या ऑगस्टमधला पूर आठवा. जिल्ह्यात मातीच्या भिंतींची किती घरे बसली! पूर्ण पडलेल्या घराला सरकारने 5 लाख रुपये जाहीर केले. पण घराची भरपाई घर ज्याच्या नावावर त्याला. त्याच घरात भाड्याने राहणाऱ्याचेही छप्पर गेले होते. नवी खोली घ्यायची तर आधी डिपॉझिट हवे. त्या वर्षी आमची गंगाजळी ऑक्टोबरातच संपली आणि तीन घरांना आम्ही नाही म्हटले. त्यांतले एक कुटुंब कुठे गेले ते अजून कळलेले नाही.

मग रेशन. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला, अंत्योदय कार्डावर घराला 35 किलो. पण हक्क आणि पिशवी यांच्यामध्ये अंगठ्याचे यंत्र असते. जन्मभर भांडी घासलेल्या किंवा कांड्या भरलेल्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही आणि म्हातारी रिकामी परतते. अशा वेळी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या आकड्यांवरही काम होऊ शकते. पण नंबर जोडलेला हवा आणि सोबत बोलणारे कुणी हवे. आमचा निम्मा वेळ या सोबतीत जातो. हे काम पाकिटांसारखे फोटोत दिसत नाही. (फोटोवरून आठवले. मंडळाचा एकच कडक नियम आहे: घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. देणगी देऊ पाहणारे दोघे एवढ्यावरून परत गेले. गेले तर गेले!)

सीमाभागाची एक वेगळीच तऱ्हा. शिनोळीचा नाका ओलांडून चंदगड तालुक्यातली कितीतरी माणसे बेळगावात कामाला येतात. भाषा एक, सोयरिकी एक. पण रेशन कार्ड महाराष्ट्राचे. 2021 साली असेच एक जोडपे दोन पोरांसह अनगोळला खोली घेऊन राहत होते. तो गवंडीकाम करायचा. परातीवरून पडून पाय मोडला आणि मजुरी थांबली. गावी कार्डावर धान्य आहे, पण एसटीचे भाडे घालून आणायचे कुणी? जानेवारी 2020 पासून कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्ये ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत आली आहेत. म्हणजे चंदगडच्या कार्डावर केंद्राच्या वाट्याचे धान्य बेळगावात मिळायला हवे. पहिल्या दुकानात उत्तर मिळाले, “महाराष्ट्राचं कार्ड इथं चालत नाही.” दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या खेपेला आमचे निवृत्त मास्तर नियमाचा कन्नड कागद घेऊनच गेले. दुकानदाराने कार्डाचा नंबर यंत्रात घातला आणि नावे दिसली. चौघांचे 20 किलो! एक महिन्याचे भाडे आम्ही भरले. तिसऱ्या महिन्यात तो कुबडी टेकत एका दुकानात हिशेब लिहायला लागला.

सगळेच असे सुटत नाही. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री देशभरातल्या उघड्यावरच्या माणसांची मोजदाद झाली. आकडा 17 लाखांच्या वर गेला. नातेवाइकाच्या पडवीत झोपलेली बाई त्यात येत नाही. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक रात्रंदिवस चालणारे निवारा केंद्र असावे, असे केंद्राच्या 2013 च्या योजनेत ठरले. त्याच जनगणनेत आपले शहर पाच लाखांच्या जवळ गेलेले. वाचकांनी हिशेब करावा आणि आपल्या नगरसेवकाला विचारावे.

ती कांड्या भरणारी बाई? तिला खोलीत परत न्यायला आम्हाला सात महिने लागले. जुन्या पत्त्यावरचे कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, विधवा पेन्शनचा अर्ज... एका कार्यालयातून दोनदा कागद परत आले. आता ती एका खानावळीत चपात्या लाटते आणि लेक गोकाकहून परत आली आहे. पुलाखालच्या दिवसांबद्दल ती बोलत नाही, मीही काढत नाही.

सोमवारी पाकिटे बांधायला मात्र येते. गेल्या आठवड्यात चपात्या मोजता मोजता हळूच म्हणाली, “बाई, कोपऱ्यावरच्या घरात दोन महिनं झालं सिलिंडर आला न्हाई. पोरं शाळेत जातात, पर आई भाईर दिसत न्हाई. मी जातो तर लाजंल ती. तुम्हीच हळदीकुंकवाचं निमित्त काढून जाऊन या.”