स्वतःचा माल स्वतः उतरवणारे जहाज

कलकत्त्याच्या उत्तर भागातील बागबाजार हे नाव मराठी वाचकास एका कारणाने जवळचे वाटावे. मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीने १७४२ साली खणण्यास घेतलेला 'मराठा खंदक' येथूनच सुरू होत असे. येथे हुगळी नदीचा घाट आहे. शेजारच्या कुमारटुलीतील मूर्तिकारांना लागणारी चिकणमाती नावांतून येत आलेली आहे आणि मजुरांनी ती डोक्यावरील पाट्यांतून काठावर आणलेली आहे. नाव वाऱ्याने चालो वा इंजिनाने. प्रवास संपला की सर्व भार माणसाच्या मानेवर येतो. जलमार्ग स्वस्त खरा, परंतु माल उतरवण्यात त्याचा पुष्कळसा लाभ खर्ची पडतो.

उत्तर अमेरिकेतील महासरोवरांवर ही अडचण निराळ्या रीतीने सोडवण्यात आली. तेथे १९०२ साली 'हेनेपिन' या जुन्या जहाजावर माल उतरवण्याची यंत्रणा बसवण्यात आली. १९०८ साली 'वायनडॉट' हे जहाज मुळातच त्या हेतूने बांधले गेले.

अशा जहाजाची रचना पाहू. कोळसा किंवा खडी यांचा ढीग ठरावीक उतारापर्यंतच टिकतो. उतार त्याहून अधिक झाला, की माल घसरू लागतो. म्हणून जहाजातील कोठ्यांच्या भिंती खाली निमुळत्या केलेल्या असतात. तळाशी झडपा असतात. त्या उघडताच माल स्वतःच्या वजनाने खालच्या फिरत्या पट्ट्यावर पडतो. हा पट्टा माल जहाजाच्या एका टोकाकडे नेतो. तेथून दुसरी यंत्रणा तो वर चढवते. शेवटी डेकवरील लांब बाहू काठाकडे वळवला जातो आणि त्यावरील पट्ट्यावरून माल जमिनीवर पडतो. धक्क्यावर यारी नसली तरी चालते.

१९८१ साली बांधलेले 'पॉल आर. ट्रेगर्था' हे जहाज सुमारे ३०९ मीटर लांब असून त्यात सुमारे ६८,००० टन माल मावतो. एका पाटीत २५ किलो धरले, तर तेवढ्या मालासाठी २७ लाखांहून अधिक फेऱ्या पडतील. हेच काम अशी यंत्रणा काही तासांत उरकते.

मग बागबाजारास असे जहाज का आणू नये? पहिली अडचण पाण्याची. या भागातील हुगळी गाळाने उथळ झालेली आहे. एवढ्या मोठ्या जहाजास लागणारी खोली तेथे नाही. दुसरी अडचण मालाची. ओली चिकणमाती घसरत नाही, कोठीच्या भिंतींना चिकटून बसते. हे यंत्र सुट्या व कोरड्या मालासाठीच उत्तम होय.

तथापि तत्त्व येथेही लागू पडते. २०१३ साली आयात केलेला कोळसा समुद्रातच मोठ्या जहाजांतून बार्जांत घेऊन हुगळीमार्गे फराक्का येथील औष्णिक वीज केंद्राकडे नेण्यास प्रारंभ झाला. तेथे उतरवण्याची यंत्रणा बार्जांवर नव्हे, तर काठावर उभारण्यात आली. पुष्कळ लहान नावा एकाच धक्क्यास येत असतील, तर यंत्र धक्क्यावर ठेवणे परवडते. एकच मोठे जहाज अनेक साध्या धक्क्यांवर जात असेल, तर ते जहाजावर असावे.

यंत्र कोठेही बसवले, तरी पाटी वाहणाऱ्याच्या मानेवरील ओझ्याबरोबर त्याची मजुरीही जाते. म्हणून घाटाची सुधारणा आखताना नदीची खोली आणि मालाचा प्रकार यांबरोबरच त्या मजुरांस दुसरे कोणते काम मिळेल, याचाही विचार आधी झाला पाहिजे.